अज्ञान खातेदार सज्ञान होताना

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणतात आणि अठरावे वर्ष पूर्ण झाले की तीच व्यक्ती 'सज्ञान' ठरते. १८७५ च्या कायद्याने आखलेली ही रेषा एका रात्रीत ओलांडली जाते. आदल्या दिवशी ज्याच्या सहीला करार म्हणून काही किंमत नव्हती, तो मुलगा दुसऱ्या दिवशी कर्जाच्या अर्जावर सही करू शकतो, नोकरीचे नियुक्तिपत्र स्वीकारू शकतो, एखाद्या मित्राच्या कर्जाला जामीनही राहू शकतो. ज्ञान मात्र असे एका रात्रीत येत नाही. ते आधी यावे यासाठी बँकिंगच्या नियमांनी दहाव्या वर्षापासूनच एक वाट मोकळी ठेवली आहे. शहरी घरांतून या वाटेचा उपयोग फारसा होताना दिसत नाही. शिष्यवृत्तीसाठी किंवा शाळेने सांगितले म्हणून मुलाचे खाते उघडले जाते, पासबुक आईच्या कपाटात जाते आणि मुलाला पैशाचा व्यवहार म्हणून दिसतो तो केवळ वडिलांच्या मोबाइलवरचा चौकोनी संकेत.

दहाव्या वर्षापासूनचे खाते

रिझर्व्ह बँकेने ६ मे २०१४ रोजी बँकांना परिपत्रक पाठवून दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे बचत खाते उघडण्याची आणि ते स्वतः चालविण्याची मुभा दिली. २१ एप्रिल २०२५ रोजी या नियमांची फेरमांडणी झाली. त्यानुसार कोणत्याही वयाच्या मुलाचे बचत किंवा मुदत ठेव खाते नैसर्गिक अथवा कायदेशीर पालकामार्फत उघडता येते. दहा वर्षे पूर्ण झालेले मूल स्वतःच खाते उघडू आणि चालवू शकते. रक्कम किती असावी, एटीएम कार्ड आणि चेकबुक द्यावे की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. त्यामुळे शाखेत चौकशी केल्याशिवाय काही गृहीत धरू नये. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावे खाते उघडता येते.

पालक म्हणून आईची सही चालते का, हा प्रश्न अजूनही काही घरांत विचारला जातो. ती चालते. रिझर्व्ह बँकेने आईला पालक मानून खाते उघडण्यास १९७६ मध्येच मान्यता दिली होती. तरीही १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अल्पवयीन मुलासाठी रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांकरिता आई या नात्याने अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये न्यायालयाने आईच्या पालकत्वाचा अर्थ व्यापक केला. मुलासाठी घ्यायच्या रोख्यांच्या निमित्ताने कौटुंबिक कायद्याचा असा निकाल लागावा, ही गोष्ट मोठ्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

मुलाच्या खात्याची सर्वांत महत्त्वाची अट अशी की त्यात शिलकीपेक्षा जास्त रक्कम काढता येत नाही. खाते नेहमी जमेतच राहिले पाहिजे. त्यामागे १८७२ चा करार कायदा आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवले. ज्याच्याकडून कर्ज कायद्याने वसूल करता येत नाही, त्याला बँक कर्ज देत नाही. गंमत म्हणजे चेकच्या बाबतीत कायदा थोडा निराळा आहे. अज्ञान मुलगा चेक लिहू शकतो आणि त्या चेकने इतर सर्व बांधले जातात, तो स्वतः मात्र बांधला जात नाही. थोडक्यात, दहा ते अठरा ही वर्षे व्यवहार शिकण्यासाठी कायद्यानेच संरक्षण दिलेली वर्षे आहेत. या काळात झालेली चूक खात्यातल्या शिलकीपुरती मर्यादित राहते. अठरानंतरच्या चुकीला अशी मर्यादा नसते.

पासबुक वाचता येणे

शिकवण्याची सुरुवात सहीपासून करावी. स्टेट बँकेच्या 'पहिली उडान' या खात्यासाठी वयाबरोबरच एकसारखी सही करता येणे ही अट आहे. मुलांची सही दर आठवड्याला बदलते आणि ते स्वाभाविकही आहे. पण नमुन्याशी न जुळणाऱ्या सहीमुळे चेक परत येतो, हे एकदा कळले की सही हे नाव सुरेख लिहिण्याचे काम राहत नाही. भरणा स्लिपवर रक्कम अंकी आणि अक्षरी का लिहायची, अक्षरी रकमेनंतर 'फक्त' का लिहायचे, चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढल्या की रोख रक्कम खिडकीवर का मिळत नाही, या गोष्टी सांगून समजत नाहीत. त्या मुलाकडून लिहूनच घ्याव्या लागतात. चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांवर आली, हे पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते.

चेकच्या तळाशी छापलेले आकडे हा मुलांसाठी चांगला खेळ होऊ शकतो. चेकक्रमांकानंतर येणाऱ्या नऊ अंकांतील पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. मुंबईच्या चेकवर ते ४०० ने आणि पुण्याच्या चेकवर ४११ ने सुरू होतात, म्हणजे पिनकोडसारखेच. पैसे पाठवताना लागणारा आयएफएससी संकेत अकरा चिन्हांचा असतो. त्यातली पहिली चार अक्षरे बँक सांगतात, पाचव्या जागी शून्य असते आणि उरलेली सहा चिन्हे शाखा दाखवतात. सातवीच्या मुलाला हे दहा मिनिटांत समजते आणि पुढे चुकीच्या खात्यात पैसे गेल्याचा मनस्ताप वाचतो.

त्यानंतर व्याज. आजच्या आजीआजोबांच्या पिढीला महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे भरण्याची सवय होती, कारण १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज मिळत असे. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाते. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्याचा दर २.५ टक्क्यांवर आणला. या दराने हजार रुपयांवर वर्षाला पंचवीस रुपये, म्हणजे तिमाहीला सव्वासहा रुपये मिळतात. पासबुकात ही नोंद पाहून मूल बहुधा निराश होते, आणि ते निराश झालेले बरे. कारण याच वेळी त्याच्यासमोर दुसरा हिशेब मांडता येतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा तीन टक्के आकारणी धरली, तर हजार रुपयांचे देणे वर्षभरात सुमारे १,४२६ रुपये होते. ठेवीवर पंचवीस आणि देण्यावर चारशे सव्वीस, हा फरक स्वतः गुणाकार करून काढलेला मुलगा पुढे 'किमान रक्कम भरा' या ओळीकडे वेगळ्या नजरेने पाहील.

ओवाळणीचे आणि खाऊचे पैसे साठवण्यासाठी आवर्ती ठेव हा सर्वांत सरळ मार्ग आहे. टपाल कार्यालयाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा शंभर रुपये भरले, तर भरणा सहा हजारांचा होतो. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ६.७ टक्के दराने मुदतीअखेर सुमारे ७,१३७ रुपये हाती येतात. मुलींसाठीची सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिचा व्याजदर नेहमीच चढा राहिला आहे. मात्र ती आईवडिलांनी मुलीसाठी केलेली तरतूद आहे. मुलीला व्यवहार शिकवण्याचे काम तिच्याने होत नाही, कारण खाते चालवण्याचा अधिकार मुलीकडे अठराव्या वर्षी येतो. या दोन गोष्टींची गल्लत पालक फार करतात.

ठेव सुरक्षित असते म्हणजे काय, हेही मुलांना सांगायला हवे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढण्याची परवानगी मिळाली. मुंबईतील शाखांसमोरच्या त्या रांगा अनेक घरांच्या आठवणीत आहेत. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख रुपये होती; ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका खातेदारासाठी प्रत्येक बँकेमागे पाच लाख झाली. गल्लीतल्या पतसंस्थेच्या ठेवीला मात्र हे विमाछत्र नसते. पाटीवर 'सहकारी' हा शब्द दोन्हीकडे दिसत असल्याने हा भेद लक्षात येत नाही.

न दिसणारा पैसा

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि काही वर्षांतच घरातले पैसे मुलांच्या नजरेआड गेले. पूर्वी महिन्याच्या एक तारखेला घरी पाकीट येई. वाण्याचा, दूधवाल्याचा, शाळेच्या फीचा वाटा वेगवेगळा काढला जाई. पैसे संपताना दिसत. दुपारी दारावर येणारा पिग्मीवाला वहीत नोंद करून जाई, हेही मुले पाहत. १९२८ मध्ये उडुपीच्या ज्या बँकेने ही पिग्मी योजना सुरू केली, ती पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. दोन आण्यांची बचतही तिथे घेतली जाई. या सर्व गोष्टींत शिकवण्याचा हेतू नव्हता, तरी शिकणे आपोआप होत होते. मोबाइलने सोय फार मोठी केली, पण हे आपोआप शिकणे थांबवले. त्याची भरपाई हेतूपूर्वकच करावी लागेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या 'यूपीआय सर्कल' या सोयीत खातेदार आपल्या खात्यातून मर्यादित खर्च करण्याची मुभा घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला देऊ शकतो. एका पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला मुख्य खातेदाराची संमती लागते. दुसऱ्या पद्धतीत महिन्याला पंधरा हजार आणि एका व्यवहाराला पाच हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. किशोरवयीन मुलांना आपला पिन देऊन टाकण्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी चांगली. पिनच्या बाबतीत एकच नियम पाठ करून घ्यावा: पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. फसवणूक झालीच तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते. हे मुलाने घाबरून लपवू नये, एवढा विश्वास घरात हवा.

शाळेत काय शिकवले जाते

शालेय अभ्यासक्रमात हा विषय नाही, अशी तक्रार सर्रास केली जाते. ती खरी नाही. बालभारतीच्या २०१७ आणि २०१८ मध्ये आलेल्या गणिताच्या पुस्तकांत सातवीला बँक व सरळव्याज, आठवीला चक्रवाढव्याज, नववीला बचत, गुंतवणूक व प्राप्तिकर आणि दहावीला जीएसटी व शेअर्स असा चढता क्रम आहे. क्रम उत्तम, पण शिकवले जाते ते उदाहरणांच्या रूपात. मुद्दल, दर आणि मुदत मांडून उत्तर येते आणि पाठ संपतो. सातवीच्या त्या पाठानंतर वर्गाला जवळच्या शाखेत नेणे कठीण नाही. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने २०१९ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात देशातील अवघे २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले. ज्यांनी शाळेत व्याजाची गणिते सोडवली होती, असे अनेक जण उरलेल्यांत असणारच.

मुलांच्या हाती खरा व्यवहार देण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. अनेक शाळांत एकेकाळी 'संचयिका' होती. विद्यार्थीच कारकून, विद्यार्थीच खातेदार आणि जमा रक्कम टपाल कार्यालयात. मुंबईत १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'मेळजोल' या संस्थेच्या शालेय कामातून पुढे 'अफलातून' हा कार्यक्रम उभा राहिला आणि २००५ पासून अॅमस्टरडॅम येथून तो जगभर पसरला. त्यात बचतीबरोबर हक्क आणि कर्तव्ये शिकवली जातात. दिल्लीत 'बटरफ्लाइज' या संस्थेने २००१ मध्ये रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांसाठी बँक सुरू केली, ती मुलेच चालवतात. ज्यांच्याकडे पैसे ठेवायला सुरक्षित जागाच नव्हती, त्यांना बँक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नसेल.

नोकरीच्या तयारीचा धागा महाराष्ट्रात आणखी जुना आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या आधारे शिक्षणाची कल्पना मांडली. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तिथे आकाराला आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आरोग्य अशी कामे हाताने करतात आणि केलेल्या वस्तूचा खर्चही काढतात. हा खर्च काढणे फार मोलाचे. पत्रा किती, मजुरी किती, वाया किती गेले, हे लिहिणाऱ्या मुलाला पगार कुठून येतो ते कळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची तरतूद आहे. शहरातल्या शाळांनी हे दहा दिवस सहलीत घालवू नयेत.

येथे कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आहे. शाळेबाहेरच्या वेळात कुटुंबाच्या व्यवसायात मदत आणि बालकलाकार एवढेच अपवाद. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याची कामे देता येत नाहीत. मुलाच्या नावे आईवडिलांनी केलेला नोकरीचा करारही टिकत नाही. एका अल्पवयीन अभिनेत्रीच्या वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी केलेला करार मुंबई उच्च न्यायालयाने १९४९ मध्ये राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात निरर्थक ठरवला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात मात्र चौदा वर्षांवरील अल्पवयीन उमेदवाराच्या वतीने पालकाला सही करता येते.

पहिले पगारपत्रक

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शिकवण्याजोगा सर्वांत उपयुक्त कागद म्हणजे पगारपत्रक. एखाद्या जाहिरातीत वर्षाला २,३७,६०० रुपये म्हटले असेल, तर मुले बारांनी भागून १९,८०० ची स्वप्ने पाहू लागतात. प्रत्यक्षात त्यातले १,८०० रुपये हा मालकाने भविष्यनिर्वाह निधीत भरायचा वाटा असू शकतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० आणि घरभाडे भत्ता ३,००० धरला, तर पगार १८,००० चा. त्यातून कर्मचाऱ्याचे स्वतःचे बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये निधीसाठी कापले जातात आणि २०० रुपये व्यवसाय कर. हाती येतात १६,०००. महाराष्ट्रात फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर कमी. याच पगारावर काम करणाऱ्या मुलीच्या हाती मात्र १६,२०० येतील, कारण राज्यात एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. काही ठिकाणी राज्य विम्याची वर्गणी किंवा ग्रॅच्युइटीचा हिशेबही असतो. तो येथे धरलेला नाही.

जाहिरात आणि हातातली रक्कम यांत ३,८०० रुपयांचा फरक आहे, पण त्यातले ३,६०० कर्मचाऱ्याच्याच नावे जमतात. मालकाच्या १,८०० पैकी सुमारे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि ५५० निधीत जातात. हे न कळल्यामुळे तरुण मुले नोकरी बदलताना जुना निधी काढून संपवतात किंवा विसरून जातात. भविष्यनिर्वाह निधीचा बारा अंकी खातेसंकेत नोकरी बदलली तरी तोच राहतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिली कमाई खात्यातच येते, आणि खाते आधारशी जोडलेले नसेल तर ती अडकते. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले, तेही थेट बँक खात्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी सर्व कामगारांना नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले. नियुक्तिपत्राशिवाय काम सुरू करू नये, असे मुलांना आता कायद्याच्या आधाराने सांगता येते.

खाते भाड्याने

बँक आणि नोकरी हे दोन विषय वेगळे शिकवू नयेत, याचे सर्वांत गंभीर कारण अलीकडच्या सायबर गुन्ह्यांत दिसते. महाविद्यालयीन मुलाला घरबसल्या कामाचे आमिष दाखवले जाते. काम एवढेच की खात्यात येणारी रक्कम काही टक्के ठेवून पुढे पाठवायची, किंवा खाते, कार्ड आणि सिमकार्ड काही दिवस वापरायला द्यायचे. ती रक्कम कोणाच्या तरी फसवणुकीतली असते. तक्रार होताच खाते गोठवले जाते आणि तपास पोचतो तो खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारापर्यंत. मुख्य गुन्हेगार कोठे असतो ते त्या मुलाला कधीच कळत नाही. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने 'म्युलहंटर' ही संगणकीय प्रणाली तयार केली आहे. तरीही मूळ प्रश्न उरतोच: अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आपले खाते ही उसने देण्याची वस्तू का वाटावी? ज्याने दहाव्या वर्षापासून स्वतःच्या पासबुकातल्या नोंदी तपासल्या आहेत, त्याला अनोळखी रक्कम दिसताच खटकेल.

नोकरीच्या नावाखालील फसवणुकीच्या खुणाही ठरलेल्या आहेत. नोंदणी, गणवेश, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या अनामतीसाठी आधी पैसे मागितले जातात. मुलाखत केवळ संदेशांवर होते. चित्रफितींना पसंती दिल्याबद्दल सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर मिळतात, मग मोठे 'काम' मिळवण्यासाठी हजारो रुपये भरायला लावतात. मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याचा आग्रह धरला जातो. खरा मालक पगार देतो, तो उमेदवाराकडून पैसे घेत नाही, हे सूत्र दहावीच्या मुलालाही पटते.

अठरावे वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास करायची कामे थोडी आहेत, पण ती राहून जातात. मूल सज्ञान झाल्यावर बँकेला खाते चालवण्याच्या नव्या सूचना आणि सहीचा नवा नमुना घ्यावा लागतो. पालक चालवत असलेल्या खात्यात शिलकीची खातरजमाही केली जाते. त्यासाठी आधार, पॅन आणि छायाचित्र घेऊन मुलाने स्वतः शाखेत जावे. अज्ञान मुलाच्या ठेवीवरील व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरले जाते. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेले उत्पन्न या नियमातून वगळलेले आहे. सज्ञान झाल्यावर मात्र व्याजासह सारे उत्पन्न त्याचे स्वतःचे ठरते आणि त्याचा हिशेबही त्यालाच द्यावा लागतो. हे काम अकरावी-बारावीच्या परीक्षांच्या धामधुमीत येत असल्याने, वाढदिवसाच्या आधीच्या सुटीत कागदपत्रांवरील नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळतात का ते पाहून ठेवावे. शाळेचा दाखला, आधार आणि पॅन यांतल्या एका अक्षराच्या फरकापायी पहिला पगार महिनाभर अडकल्याची उदाहरणे कमी नाहीत.